ओव्हलचा सामना : ऐकलेला आणि पाहिलेला

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात येलदरी येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा सेवानिवृत्त शिक्षक या नात्याने मी शिक्षणाचे महत्त्व, व्यसनमुक्ती किंवा विवाहातील अवाजवी खर्च यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन अशी आपल्या चिटणिसांची अपेक्षा असावी. या तिन्ही विषयांवर मी याच व्यासपीठावरून पूर्वी बोललो आहे, आणि त्याचा परिणाम कितपत झाला हे आपण सर्व जाणताच. म्हणून आज मी विषय बदलीत आहे. मी क्रिकेटच्या एका जुन्या सामन्याविषयी आणि त्या सामन्याच्या चलच्चित्राविषयी बोलणार आहे. अध्यक्ष महाशयांनी दचकू नये. विषय शेवटी आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचणार आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेत आयुष्य घालविलेला मनुष्य. माझ्या बोलण्यात पांडित्य आढळणार नाही. मला एक चूक दुरुस्त करावयाची आहे आणि दुसरी, जी दुरुस्त होण्यासारखी नाही, ती आपल्यासमोर मांडावयाची आहे.

१९७१ साली मी अकरा वर्षांचा होतो. पूर्णा नदीवरील हे आपले धरण तेव्हा नुकतेच उभे राहिले होते, आणि त्याच्या पायथ्याच्या विद्युतगृहात आमचे थोरले चुलते कामास होते. आम्ही सर्व मुले त्यांना आबा म्हणत असू. आबांचे शिक्षण निजामी अमदानीत उर्दू माध्यमातून झालेले. पोलीस कारवाईनंतर मराठी मुलखाला मराठी शाळा मिळाल्या, तोवर त्यांचे शाळेचे वय उलटून गेले होते. उर्दू उत्तम, मराठी घरचे, आणि इंग्रजी धरणावरील साहेबलोकांच्या तोंडून कानांवर पडलेले, अशी त्यांची भाषांची पुंजी होती. परंतु त्यांच्यापाशी नभोवाणीचा एक संच होता, आणि त्यावर लघुलहरींवरून लंडनचे समालोचन ऐकू येई. वसाहतीत क्रिकेट प्रत्यक्ष पाहिलेला एकही मनुष्य नव्हता. आबांनीही पाहिलेले नव्हते. तरीही त्या ऑगस्टमध्ये दररोज सायंकाळी त्यांच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसे जमत, आणि आबा एक कान संचाला लावून इंग्रजी समालोचनाचे मराठी करून सांगत.

ते मराठी कसे असे, याचा एकच मासला देतो. एकनाथ सोलकर 'शॉर्ट लेग'ला उभा आहे असे समालोचकाने सांगितले की आबा सांगत, "सोलकरचा एक पाय आखूड आहे." भागवत चंद्रशेखर या गोलंदाजाचा उजवा हात लहानपणीच्या पोलिओने अधू झालेला होता, ही गोष्ट वर्तमानपत्रात आलेली असल्यामुळे आम्हांला ठाऊक होती. तेव्हा एक हात अधू, एक पाय आखूड, अशा अपंगांचा संघ पाठवून आपण इंग्रजांस झुंजवीत आहोत, अशी आम्हां मुलांची ठाम समजूत झाली होती, आणि त्यामुळे आमचा अभिमान दुणावला होता. 'सिली पॉइंट' म्हणजे काय याचाही उलगडा आबांनी केला होता. ती म्हणे खुळ्या माणसाला उभे करण्याची जागा. पुढे मला समजले, की फलंदाजापासून हाताच्या अंतरावर, शिरस्त्राणाशिवाय जो उभा राहतो त्याच्याविषयीचे हे भाषांतर अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही.

आता सामन्याचा वृत्तांत थोडक्यात सांगतो, कारण आजच्या तरुणांस तो ठाऊक असेलच असे नाही. भारताने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर खेळला. त्यानंतर एकोणचाळीस वर्षांत त्या भूमीवर आपल्याला एकही कसोटी जिंकता आलेली नव्हती. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालील संघ प्रथम वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकून आला आणि त्याच उन्हाळ्यात इंग्लंडला गेला. लॉर्ड्स व मँचेस्टर येथील सामने अनिर्णित राहिले. तिसरा सामना लंडनच्या ओव्हल मैदानावर १९ ऑगस्टला सुरू झाला. इंग्लंडने ३५५ धावा केल्या. दुसरा दिवस पावसाने संपूर्ण बुडविला. भारताचा डाव २८४ धावांत आटोपला आणि ७१ धावांची पिछाडी राहिली. सामना एकतर हरणार किंवा अनिर्णित राहणार, असे कोणीही म्हटले असते.

सोमवार, २३ ऑगस्ट. आपल्याकडे दिवस मावळतीला आला होता आणि तिकडे उपाहाराची वेळ जवळ येत होती. प्रथम जेम्सन धावबाद झाला, तोही नशिबाच्या एका विलक्षण खेळाने. समोरच्या फलंदाजाने सरळ टोलविलेला चेंडू चंद्रशेखरच्या हाताला निसटता लागून यष्ट्यांवर गेला, आणि जेम्सन रेषेबाहेर होता. त्यानंतर चंद्रशेखरने लागोपाठच्या दोन चेंडूंवर एड्रिच व फ्लेचर यांस बाद केले. एड्रिचचा त्रिफळा उडविणाऱ्या त्या चेंडूची एक गोष्ट सांगतात. त्या वर्षी 'मिल रीफ' नावाच्या घोड्याने डर्बीची शर्यत जिंकली होती आणि संघातील मंडळी चंद्रशेखरच्या वेगवान चेंडूस त्या घोड्याचे नाव देऊन मोकळी झाली होती. आपल्या गोमंतकाचे, मडगावचे, दिलीप सरदेसाई यांनी त्या क्षणी तो घोडा सोडण्याची सूचना चंद्रशेखरला केली, आणि एड्रिचची बॅट खाली येण्यापूर्वीच घोडा पार निघून गेला होता. इंग्लंडचा संपूर्ण डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले.

याच डावात ॲलन नॉट या यष्टिरक्षकाचा झेल सोलकरने घेतला. पहिल्या डावात नॉटने ९० धावा काढून आपल्याला फार सतावले होते. व्यंकटराघवनच्या चेंडूवर तो अवघी एक धाव काढून बाद झाला. त्या सायंकाळी समालोचकाचा आवाज एकाएकी चढला. लघुलहरींवर खरखर सुरू झाली. आबा एकदम उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सोलकर पळाला! मागे पळाला! उंच उडी मारून वरच्या वर कैरी तोडावी तसा चेंडू काढला!" आणि त्यांनी स्वतः ओसरीवर उडी मारून दाखविली. त्यांचा हात आढ्याला लागला. ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे.

दुसरा दिवस मंगळवार, २४ ऑगस्ट, म्हणजे गणेश चतुर्थी होती. विजयासाठी हव्या असलेल्या १७३ धावांपैकी ७६ धावा आदल्या दिवशी झाल्या होत्या. सकाळच्या खेळाच्या प्रारंभीच वाडेकर ४५ धावांवर धावबाद झाले, आणि तंबूत जाऊन चक्क झोपी गेले. विजय मिळाल्यावर केन बॅरिंग्टन यांनी त्यांना जागे केले असे सांगतात. सरदेसाई ४०, विश्वनाथ ३३, असा एकेका पायरीने डाव पुढे सरकत होता. आमच्याकडे आरतीची वेळ झाली, तरी आबा संचापासून हलेनात. आजी देवघरातून हाका मारून थकली. अखेर आबिद अलीने चेंडू चौकारास धाडला, समोर फरुख इंजिनीअर होता, आणि आबा धावत देवघरात येऊन म्हणाले, "आता करा आरती! गणपती तिकडे गेला होता, आत्ताच परत आला. मैदानावर हत्ती आला होता म्हणे!" आजीने त्यांना देवाची थट्टा केल्याबद्दल सर्वांसमक्ष फटकारले.

बंधुभगिनींनो, पुढे मी शिक्षक झालो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत प्रत्येक वर्षी क्रीडादिनी सोलकरच्या झेलाची गोष्ट मी मुलांना सांगितली. ती सांगण्याजोगीच होती. सोलकरचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखीत. त्या मैदानावरच्या खोपटात वाढलेला हा मुलगा २७ कसोटी सामने खेळला आणि त्यात त्याने ५३ झेल घेतले. हे सर्व सांगून झाल्यावर मी मुलांना झेल कसा घेतला ते सांगे. मागे धावत जाऊन, उंच उडी मारून, कैरी तोडावी तसा! आणि मीही वर्गात उडी मारून दाखवी. हत्तीची गोष्ट मात्र मी एकदाही सांगितली नाही. ती आबांची पदरची भर असावी, आणि शिक्षकाने मुलांस खोटे सांगू नये, असे माझे मत होते.

२०२१ साली त्या विजयाला पन्नास वर्षे झाली. साथीचे दिवस होते, शाळा बंद होत्या. एके दुपारी माझ्या नातवाने फोनवर काही शोधून माझ्यापुढे धरले आणि म्हणाला, "आजोबा, हा बघा तुमचा सोलकर." भारतात १९७१ साली दूरचित्रवाणी दिल्लीपुरती होती; मुंबईलासुद्धा ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. म्हणून हा सामना आपल्या देशाने पाहिला तो बहुतांशी कानांनीच. लंडनच्या दूरचित्रवाणीने टिपलेले त्यातील तुकडे तेवढे मागे राहिले. ते मी माझ्या आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

चित्र अंधुक होते. नॉट पुढे वाकून चेंडू अडवितो. त्याच्या बॅटीपासून दोन पावलांवर सोलकर गुडघे वाकवून उभा आहे, त्याचे दोन्ही पाय सारखे आहेत. तो मागे धावत नाही. उंच उडी मारीत नाही. चेंडू जमिनीकडे पडू लागतो आणि सोलकर पुढच्या बाजूस सबंध आडवा पडतो, विहिरीत सूर मारावा तसा, आणि गवताच्या पात्यांवरून चेंडू उचलतो. डोक्यावर काही नाही, तोंडासमोर काही नाही. सारे काही एका श्वासात घडते. मी नातवास ते दहा-बारा वेळा दाखवावयास लावले. प्रत्येक वेळी तो पुढेच पडला.

मला प्रथम काय वाटले ते प्रामाणिकपणे सांगतो. मला आबांचा राग आला. छत्तीस वर्षे मी मुलांपुढे उड्या मारल्या त्या कशासाठी? मग नातवाने आणखी शोध घेतला, तेव्हा ओव्हलवरील हत्तीचे छायाचित्र समोर आले. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातील बेला नावाची हत्तीण होती ती. चतुर्थीनिमित्त भारतीय प्रेक्षकांनी तिला मैदानावर आणले होते! जे मी खरे म्हणून शिकविले ते तसे घडले नव्हते आणि जे मी थाप म्हणून वगळले ते मात्र खरोखरच घडले होते. या सभागृहात माझे पुष्कळ माजी विद्यार्थी बसलेले आहेत. त्यांनी कृपया आपल्या मनातील नोंद दुरुस्त करून घ्यावी. सोलकर पुढे पडला होता, आणि हत्ती आला होता.

चलच्चित्राचे महत्त्व मला त्या दिवशी कळले. कान फसतात, सांगणारा आपल्या प्रेमाप्रमाणे भर घालतो, ऐकणारा आपल्या वयाप्रमाणे चित्र रंगवितो. परंतु ज्याचे चित्रच निघाले नाही किंवा निघून नाहीसे झाले, त्याला दुरुस्ती कशाची करणार? १९८३ सालच्या विश्वचषकात १८ जून रोजी टनब्रिज वेल्स येथे कपिल देवने झिंबाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा केल्या. संघाची अवस्था ५ बाद १७ अशी झालेली असताना! त्या खेळीचे चित्रीकरण झालेच नाही. बीबीसीच्या कर्मचाऱ्यांचा संप होता असे सांगतात. २०२१ साली निघालेल्या चित्रपटात नटाकडून ती खेळी करवून घ्यावी लागली. उलट रणजितसिंह १८९७ साली ऑस्ट्रेलियात जाळीत फलंदाजीचा सराव करीत होते, तो तुकडा सव्वाशे वर्षांनंतरही पाहावयास मिळतो. सामना नव्हे, नुसता सराव! काय टिकावे आणि काय जावे याला काही न्याय दिसत नाही.

आपल्या महाराष्ट्रानेही या बाबतीत बरेच गमावले आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सावेदादा म्हणत, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा एक सामना चलच्चित्रात टिपला. भारतीय माणसाने टिपलेल्या अगदी पहिल्या चलच्चित्रांपैकी ते एक, आणि विषय पाहा, कुस्ती! १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हा त्यांच्या आगमनाचे चित्रही सावेदादांनीच घेतले. यांतील काहीही आज हाती उरलेले नाही. जुनी चित्रपट्टी नायट्रेटची असे, आणि ती दारूगोळ्यासारखी पेट घेते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. त्याच्या ताब्यातील नायट्रेटची पुष्कळ रिळे जानेवारी २००३ मधील आगीत भस्मसात झाली. नंतर आलेली ॲसिटेटची पट्टी पेटत नाही, पण दमट हवेत कुजते आणि तिला शिरक्यासारखा आंबूस वास सुटतो. पुढे चुंबकीय फिती आल्या. त्या महाग असत, म्हणून दूरचित्रवाणीवाले जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा टिपीत. विलायतेतील मोठमोठ्या संस्थांनी असे असंख्य कार्यक्रम पुसून टाकले.

पुसणाऱ्यांना पूर्वी मी हसत असे. आता हसत नाही. त्याचे कारण सांगतो.

१९८९ साली माझ्या धाकट्या बहिणीचा विवाह याच गावी झाला. त्या काळी चित्रीकरण ही नवलाई होती. परभणीहून एक गृहस्थ कॅमेरा घेऊन आले होते आणि त्यांनी दोन कॅसेट आम्हांला दिल्या. पहिलीवर लिहिले होते 'भाग १', दुसरीवर 'भाग २'. पहिलीत सीमांतपूजन, अक्षता, सप्तपदी असे सर्व विधी. दुसरीत पंगती आणि पाठवणी. १९९४ साली आबा वारले.

२४ एप्रिल १९९८ रोजी शारजा येथे अंतिम सामना होता. दोनच दिवसांपूर्वी वाळूच्या वादळात सचिन तेंडुलकरने १४३ धावांची खेळी केलेली, आणि अवघा देश त्या नादाने भारलेला. माझ्या पुतण्याने नुकताच व्ही.सी.आर. आणला होता. सामना टिपून ठेवावा असे मला वाटले. आबा असते तर त्यांनी उड्या मारल्या असत्या, असेही मनात आले. ते मला स्पष्ट आठवते. परंतु कोरी कॅसेट घरात नव्हती आणि गावात मिळेना. कपाटात ही 'भाग २' दिसली. मी विचार केला, की विधी तर भाग १ मध्ये आहेत. पंगती आणि पाठवणी कोण पुन्हा पाहणार? आणि मी माझ्या हाताने कळ दाबली. तेंडुलकरने त्या दिवशी १३४ धावा केल्या. भारत जिंकला. मी कॅसेटवर नवे नाव लिहून ती कपाटात ठेवली.

कित्येक वर्षांनी, आबांचे एकही चलच्चित्र आपल्यापाशी असू नये काय, असा विषय घरात निघाला. आम्ही भाग १ लावून पाहिला. दोन तास पाहिला. त्यात आबा कोठेच नाहीत. असणार कसे? अक्षता पडत होत्या तेव्हा ते आचाऱ्याजवळ होते, आणि नंतर दिवसभर वाढप्यांत होते. आबा फक्त भाग २ मध्ये होते.

शारजाचा तो सामना आज कोणाच्याही फोनवर सापडतो. नातवाने मला तो अर्ध्या मिनिटात काढून दाखविला. माझ्या कॅसेटवरील सामन्याहून त्याचे चित्र पुष्कळच स्वच्छ आहे.

याबद्दल मी बहिणीची क्षमा मागितली आहे. ती म्हणाली, "दादा, तुला कुठं ठाऊक होतं!" पण मला ठाऊक होते. नाव लिहिलेले होते आणि ते मी वाचले होते.

मागील वर्षी ती कॅसेट मी परभणीला नेऊन नव्या पद्धतीत उतरवून घेतली. ज्यांच्या घरी अशा कॅसेट असतील त्यांनी विलंब करू नये, हे जाता जाता सांगतो. फितीला बुरशी चढत आहे, त्या चालविणारी यंत्रे मोडीत निघाली आहेत आणि ती दुरुस्त करणारी माणसे म्हातारी झाली आहेत. मंडळाच्या कार्यालयात ओलीच्या भिंतीला टेकून जे लोखंडी कपाट उभे आहे, त्यातही जुन्या मेळाव्यांच्या सात कॅसेट आहेत. ते कपाट तेथे ठेवण्याचा ठराव मी चिटणीस असताना झाला, तेव्हा दोष द्यावयाचा तर मलाच द्यावा. अध्यक्ष महाशयांनी आजच ते भिंतीपासून हलविण्यास अनुमती द्यावी, अशी माझी विनंती आहे. दोन तरुण मिळाले तर पुरे.

कॅसेट उतरविणाऱ्या मुलाने ती शेवटपर्यंत चालविली. सामना संपला. बक्षिससमारंभ मध्येच तुटला. पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या, आणि त्यानंतर एकाएकी आमच्या बहिणीच्या विवाहाचा मांडव दिसू लागला. फितीचे शेवटचे टोक तेवढे माझ्या हातून वाचले होते. तो तुकडा अकरा सेकंदांचा आहे. पंगत बसलेली आहे. एक उंच मनुष्य पाठमोरा, कमरेला पंचा गुंडाळून, हातात वरणाची बादली घेऊन वाकत वाकत पुढे चालला आहे. तोंड दिसत नाही. ते आबाच आहेत, हे चालण्यावरून आम्ही सर्वांनी ओळखले. दहाव्या सेकंदाला ते मान वळवितात, कोणीतरी हाक मारली असावी, आणि चित्र संपते.

तो तुकडा मी सोबत आणला आहे. भोजनोत्तर कार्यालयात नातू तो लावून दाखवील. त्या पंगतीत आपल्यापैकी काही घराण्यांतील माणसे निश्चित आहेत. काहींना मी ओळखले आहे, काही आता हयात नाहीत. आबांच्या उजव्या हातास, खांबाजवळ, हिरव्या लुगड्यातील एक वृद्ध बाई बसल्या आहेत. आणखी वाढू नका म्हणून त्या पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरीत आहेत आणि हसत आहेत. त्या कोणाच्या घरच्या, हे आम्हांला ओळखू आलेले नाही. कोणास ओळखू आल्यास मला अवश्य सांगावे. त्या घराला एक प्रत द्यावयाची आहे.